चाफ्याच्या नावात माणूस कुठून आला?

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या झाडांना शास्त्रीय नावांच्या पाट्या लावतो आहोत. चाफा प्लुमेरिया, कांचन बाउहिनिया. ही माणसांची नावे आहेत म्हणतात. ती पडतात कशी? शिवाय कुंपणावरच्या सागरगोट्याला एका पुस्तकात सिसाल्पिनिया, दुसऱ्यात गिलांडिना म्हटले आहे. पाटीवर कोणते घालावे?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : दोन शब्दी नावातला पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा; दुसरा जातीचा. आडनाव व्यंजनान्त असेल तर साधारणपणे त्याला ‘इया’ जोडतात, स्वरान्त असेल तर ‘आ’. माणूस पुरुष असला तरी असे नाव स्त्रीलिंगीच धरतात. म्हणून कांचन ‘बाउहिनिया व्हेरिएगाटा’, ‘व्हेरिएगाटस’ नव्हे. स्वतःचे नाव स्वतःच झाडाला द्यायचे नाही, हा जुना संकेत.

चाफ्यातला माणूस म्हणजे शार्ल प्लुमिए, कॅरिबियन बेटे पालथी घालणारा फ्रेंच धर्मगुरू. त्याने १७०३च्या ग्रंथात फुक्सिया, लोबेलिया, मॅग्नोलिया ही नावे इतर वनस्पतिज्ञांवरून ठेवली. बाउहिनियाही त्याचेच, योहान आणि कास्पार बाउहिन या भावांवरून. कांचनाचे पान हातात घ्या: देठापाशी एक, टोकाला दुभंगलेले. दोन भावांना याहून चपखल पान शोधून सापडायचे नाही.

सागरगोट्याचे म्हणाल, तर दोन शब्दी नावे रूढ करणाऱ्या लिनियसने १७५३मध्ये त्याला गिलांडिनातच ठेवले होते. पुढे ती प्रजाती सिसाल्पिनियात विलीन झाली आणि २०१६मध्ये डीएनएच्या आधारे पुन्हा वेगळी निघाली. तेव्हा ‘गिलांडिना बॉन्डक’ लिहा. या नावातला गिलांडिनस इटलीतल्या पादुआच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख, सिसाल्पिनियातला चेसाल्पिनो पिसाच्या. दोघे सोळाव्या शतकातले.

सागरगोटा सिसाल्पिनियातून निघाला म्हणून शंकासुराची पाटी मात्र बदलू नका. प्रजातीचे नाव एका नमुना जातीला बांधलेले असते. प्रजाती फुटली की ती जाती ज्या गटात, त्या गटाकडे जुने नाव राहते. शंकासूर त्याच गटात आहे, त्यामुळे ‘सिसाल्पिनिया पल्चेरिमा’ कायम.

रोमन लिपीत रंगवून घेणार असाल तर प्रजातीचे पहिले अक्षर मोठे, जातीचे लहान, दोन्ही शब्द तिरपे. पेंटरकडून बाउहिनियातला ‘एच’ हमखास गळतो, आणि प्लुमेरियात ‘एम’नंतर जादा ‘आय’ घुसतो. प्लुमिएच्या आडनावात तो आहे खरा, पण मान्य स्पेलिंगमध्ये नाही. रंगवण्याआधी कागदावर लिहून द्या.