जुना बेसबॉल ग्लोव्ह मोठ्यांना बसेल का?

प्रश्न : अमेरिकेतून १९५०च्या दशकातला बेसबॉल ग्लोव्ह घ्यायचाय. विक्रेता साडेदहा इंच सांगतो. लहान मुलांचा तर नसेल?

उत्तर : एवढ्यावरून ठरवू नका. तेव्हा मोठ्यांचे ग्लोव्हही बहुधा १० ते ११ इंचांचेच असत; आज इनफिल्डसाठी (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांसाठी) साडेअकरा नेहमीचं. मोजताना शिंप्याची मऊ टेप ग्लोव्हच्या तर्जनीच्या टोकापासून आतून, चेंडू बसतो त्या खळग्याला चिकटवत तळाच्या कडेपर्यंत न्या. ताठ पट्टी खळग्यात वळत नाही, म्हणून आकडा कमी येतो. खरी परीक्षा आत हात घालण्याच्या जागेची. मुलांच्या ग्लोव्हमध्ये मोठ्यांची बोटं अर्ध्यातच अडकतात. मनगटापाशी आतली रुंदी किती, ते विचारा आणि आपल्या तळहाताशी ताडून बघा. कॅचरचा (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याचा) मिट, म्हणजे वेगळी बोटं नसलेला जाड ग्लोव्ह, मात्र घेरावर मोजतात. मोठ्यांचा साधारण ३२ ते ३४ इंच.