पुस्तिकेत एक ग्रेड, इंजिनात दुसरी : वॉरंटी जाते का?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी चौदा महिन्यांची आहे. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० ऑइल लिहिले आहे. द्वारका परिसरातल्या गॅरेजमध्ये ‘नाशिकच्या उन्हाळ्यात पातळ ऑइल टिकत नाही’ म्हणून ५डब्ल्यू-३० भरले. आता सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, वॉरंटी रद्द होईल. ऑइल लगेच काढून टाकू का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आधी पुस्तिकेतला ऑइलचा तक्ता पुन्हा नीट वाचा. पहिल्या पसंतीच्या ग्रेडखाली बऱ्याचदा बारीक अक्षरांत पर्यायी ग्रेडही दिलेल्या असतात. त्यांत ५डब्ल्यू-३० असेल तर वाद तिथेच मिटला.

नसेल, तरी नुसत्या ग्रेडमुळे अख्खी वॉरंटी बुडत नाही. एसीचा कॉम्प्रेसर, सस्पेन्शन, काचांच्या मोटारी यांचा इंजिन ऑइलशी काडीचाही संबंध नाही. तिथे हे कारण ऐकून घेऊ नका. टायमिंग चेन, बेअरिंग किंवा व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) बिघडले, तर मात्र कंपनी पहिल्यांदा ऑइलच तपासणार. शिफारस नसलेल्या ऑइलने झालेले नुकसान वॉरंटीच्या अटींत सहसा वगळलेलेच असते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना सांगितले होते, की गाडी बाहेरच्या गॅरेजात नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. त्यावर पुढे अपिले झाली, तरी वाद घालताना हा मुद्दा जरूर मांडा. वेळापत्रकातली सर्व्हिस अधिकृत केंद्रातच करण्याची अट तुमच्या पुस्तिकेत आहे का, तेही पाहून घ्या.

मेकॅनिकचे म्हणणे पटण्यासारखे नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. निफाडच्या कडाक्यातही दोन्ही सहज वाहतात. नंतरचा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा : २० ग्रेड ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक), ३० ग्रेड ९.३ ते १२.५. बाहेर मे महिना असो वा इगतपुरीचा पाऊस, थर्मोस्टॅट कूलंट ९० अंशांच्या आसपासच ठेवतो. त्यामुळे शहराचे तापमान पाहून ग्रेड बदलायची गरज पडत नाही.

५डब्ल्यू-३० एकदा पडल्याने पेट्रोल इंजिन खराब होत नाही. मायलेज किंचित उतरेल, एवढेच. डब्यावर पुस्तिकेत मागितलेला एपीआय दर्जा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची ऑइलची प्रतवारी) असेल, तर ऑइल ठरलेल्या किलोमीटरपर्यंत चालवा. डबा कोणता होता तेच माहीत नसेल, किंवा तुमच्या इंजिनात ऑइलमध्ये भिजून चालणारा टायमिंग बेल्ट असेल, तर थांबू नका, ऑइल लगेच बदला. चुकीच्या ऑइलने तो बेल्ट फुगून त्याचे तुकडे सुटतात आणि पंपाची जाळी तुंबते.

बदलताना इंजिन कोमट असावे. ऑइल १० ते १५ मिनिटे पूर्ण गळू द्या. फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर दोन्ही नवे टाका. जुना वॉशर एकदा चेपलेला असतो, पुन्हा नीट बसत नाही आणि तिथून झिरपते. सांगितलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक पाहून उरलेले थोडे थोडे ओता. वरच्या खुणेच्या वर गेले तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि ऑइलचा दाब कमी होतो.

बिलावर ग्रेड, लिटर आणि किलोमीटर लिहून घ्या. डब्याच्या बॅच क्रमांकाचा फोटो काढा. दावा नाकारला तर कोणत्या अटीखाली आणि कोणत्या तपासणीवरून, हे लेखी मागा. तोंडी नकारावर परतू नका. पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत दाखल करावी लागते.

प्रश्न : बीएस-६ डिझेल गाडीत ट्रॅक्टरचे १५डब्ल्यू-४० चालेल का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : नको. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या इंजिनाला कमी राखेचे ऑइल लागते. पुस्तिकेत ते एसीईए (युरोपीय वाहन उत्पादकांची संघटना) सी२ किंवा सी३ दर्जाचे असे लिहिलेले असते. रीजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर तापवून साफ होतो तेव्हा, काजळी जळते, पण ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही. ती फिल्टरात साठतच जाते, आणि डीपीएफ बदलायची वेळ आली की वॉरंटीत तुमची बाजू खरोखरच लंगडी पडते.