लिबव्हर्टडी (लिनक्सवर व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन सांभाळणारी सर्व्हिस) आपोआप बंद होते, स्टॉप केली तर परत सुरू होते, बिघाड कुठे आहे?

बिघाड नाहीये. एकही व्हीएम चालू नसली आणि कोणी जोडलेलं नसलं की १२० सेकंदांनी ती स्वतःच उतरते, पण सॉकेट (तिच्याशी जोडायचं दार) सिस्टीमडीने, म्हणजे सर्व्हिसेस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमने, धरलेलं असतं, कोणी विर्श (व्हीएम हाताळायची कमांड) मारलं की परत उठते. खरंच बंद ठेवायची तर लिबव्हर्टडीचं मेन सॉकेट, आरओ (रीड-ओन्ली) आणि ॲडमिन ही तिन्ही सॉकेट आधी स्टॉप करा.

पण स्टेटसमध्ये "इनॅक्टिव्ह डेड" (सर्व्हिस बंद) बघून कोणी लिनक्सला नावं ठेवली की मला जळगाव जिल्ह्यातलं सावदा आठवतं. केळीचे व्यापारी, लिनक्सच्या सर्व्हरवर विंडोजची व्हीएम, काट्याच्या पावत्या सगळ्या त्यात, ऑटोस्टार्ट (व्हीएम आपोआप सुरू होण्याची सेटिंग) लावलेला. मे महिना, लाईट गेली आणि यूपीएस उतरला की सर्व्हर बंद, लाईट आली की सर्व्हर चालू पण व्हीएम नाही, बाहेर केळी भरलेल्या गाड्या उभ्या आणि पावती निघेना. मी भुसावळहून बाईक काढायचो, तापीचा पूल ओलांडून भर उन्हात तिथं जायचो, विर्श लिस्ट मारली तर व्हीएम रनिंग! शेठ म्हणायचे, "काय भो, तुम्ही आले की बरं चालतं." असं चारदा झालं. मग जळगावचे एक सिनियर शेठसमोरच बोलले की लिनक्स धंद्यात चालत नाही, काढून टाका. ते मला फार लागलं.

पाचव्यांदा विर्शला हातच लावला नाही, आधी सिस्टीमसीटीएल (सिस्टीमडीची कमांड) स्टेटस बघितलं. सॉकेट इनेबल्ड, सर्व्हिस डिसेबल्ड! ऑटोस्टार्ट लागतो तो डेमन (म्हणजे लिबव्हर्टडीच) उठल्यावर, बूटला डेमन उठतच नव्हता आणि माझी विर्श लिस्टच त्याला उठवत होती. सर्व्हिस इनेबल केली, शेठसमोर तीनदा रीबूट मारला, तिन्ही वेळा व्हीएम वर.

तर व्हीएम बूटलाच लागत असतील तर सर्व्हिस इनेबल ठेवाच. आणि एका इनेबलसाठी अख्खी सिस्टीम उखडायला सांगणं याला मी अनुभव म्हणत नाही, त्या सिनियरना तेव्हाही तोंडावर बोललो होतो, आजही बोलेन. लॉग उघडून न बघता निकाल देऊ नये.

हां, फेडोरा ३५ पासून पुढे असाल तर लिबव्हर्टडीच्या जागी व्हर्टक्यूईएमयूडी वगैरे वेगवेगळे डेमन आहेत, तिथे ती नावं बघा, जुना-नवा दोन्ही एकदम चालवू नका. आणि सॉकेटचा ग्रुप (कोणत्या युजर ग्रुपला जोडता येईल तो) बदलायचा असेल तर लिबव्हर्टडीच्या कॉन्फ फाइलमध्ये लिहून उपयोग नाही, सॉकेट सिस्टीमडीने धरलेलं असताना (सॉकेट ॲक्टिव्हेशन) ग्रुपची ती ओळ वाचलीच जात नाही, सिस्टीमसीटीएल एडिटने सॉकेट युनिटमध्येच सॉकेटग्रुप टाका.