टेल्युराइडच्या संगीत महोत्सवासाठी आरव्ही केवढी घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जूनमध्ये कोलोरॅडोतल्या टेल्युराइड ब्लूग्रास (बँजो-फिडलचे अमेरिकी लोकसंगीत) महोत्सवाला चार दिवसांसाठी जायचे आहे. तुम्ही दोघे, ९ आणि ५ वर्षांची मुले आणि पुण्याहून आलेले सत्तरीतले आईबाबा अशी सहा माणसे आहेत. आरव्ही, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन डेन्व्हरहून निघायचे आहे, गाडीसह मुक्कामाचा पास इलियमच्या तळाचा मिळाला आहे, आणि भाड्याने गाडी देणारे थोड्याच जास्त पैशांत २५ फुटांऐवजी ३१ फुटांची क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली, चालकाच्या डोक्यावर माळा असलेली आरव्ही) द्यायला तयार आहेत. ती घ्यावी का?

घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २४ ते २६ फुटांची क्लास सी घ्यावी, सोबत एक चांगला तंबू न्यावा, आणि शक्य असेल तर घरची एसयूव्हीही न्यावी. या महोत्सवाला मी सहा वेळा गेलो आहे आणि पहिल्या खेपेला ३१ फुटीच घेतली होती, त्यामुळे कारणे जरा सविस्तर लिहितो.

आरव्ही निवडताना बहुतेक जण आधी माणसे मोजतात, मग बिछाने मोजतात आणि त्यावरून लांबी ठरवतात. डोंगरातल्या महोत्सवासाठी हा क्रम उलटा करावा लागतो. गाडी चार दिवस जिथे उभी राहणार ती जागा केवढी आहे हे आधी पाहावे, मग तिथवर नेणारा रस्ता पाहावा, आणि त्या दोहोंत बसेल त्या गाडीत माणसांची सोय कशी लावायची याचा विचार शेवटी करावा. माणसांची सोय तंबूने वाढवता येते, पण आखून दिलेली जागा वाढवता येत नाही.

टेल्युराइड गाव ८,७५० फूट उंचीवर, तिन्ही बाजूंनी कड्यांनी बंद झालेल्या दरीच्या तळाशी वसलेले आहे. दरीच्या टोकाला ३६५ फुटांचा ब्रायडल व्हेल धबधबा कोसळतो, आणि १९७४ पासून हा महोत्सव गावातल्या टाउन पार्कमध्ये भरतो. जागा इतकी मोजकी आहे की टाउन पार्कमधल्या मुक्कामासाठी सोडत निघते, आणि बाकीच्यांना गावाबाहेरच्या तळांवर राहून बसने ये-जा करावी लागते. इलियम त्यांपैकीच एक. साऊथ फोर्क नदीच्या काठी, झाडीला लागून असलेली ती जागा फार सुंदर आहे. पण तिथे महामार्गावरच्या आरव्ही पार्कसारखे काँक्रीटचे ओटे आणि शेजारी वीज-पाण्याचे नळ असतील अशी अपेक्षा ठेवू नका. गाड्या एकमेकींना खेटून लावाव्या लागतात आणि स्वयंसेवक हाताने दाखवतील तिथे गाडी वळवून घालावी लागते.

माझ्या पहिल्या वर्षी आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा दुपारचा पाऊस नुकताच पडून गेला होता. पुढची चाके मी व्यवस्थित वळवली, पण ३१ फुटी गाडीत मागच्या चाकांच्याही मागे दहा-एक फुटांचा सांगाडा लोंबत असतो, आणि आपण डावीकडे वळलो की ती शेपटी उजवीकडे झुकते, हे माहीत असूनही त्या क्षणी मला सुचले नाही. मागची शिडी ॲस्पेनच्या खोडाला घासत गेली. त्या पांढऱ्या सालीवर हातभर लांब ओरखडा उमटला, त्याचे मला गाडीच्या नुकसानीपेक्षा जास्त वाईट वाटले. पुढचे चार दिवस ती गाडी किंचित एका बाजूला कललेली उभी होती, कारण चाकांखाली पाट्या रचून एवढी लांब गाडी समतल करणे त्या उंचसखल जमिनीवर जमलेच नाही. गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज गाडी कललेली असली की नीट थंड करत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून दूध बर्फाच्या पेटीत ठेवावे लागले. २५ फुटी गाडी मी याच तळावर पाचही वेळा पाट्यांच्या दोन थरांत समतल केली आहे.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. गाडीच्या नावात असलेला आकडा म्हणजे तिची लांबी, असे धरून चालू नका. नावात २४ किंवा २५ असलेल्या गाड्या बंपर ते बंपर मोजल्यावर दीड-दोन फूट जास्त भरतात, आणि मागे सायकलींचा रॅक लावला की आणखी तीन फूट वाढतात. पासवर गाडीच्या लांबीची जी अट छापलेली असेल ती वाचा, आणि गाडी ताब्यात घेताना स्वतः टेप लावून मोजा.

आता रस्ता. तुम्ही आय-७० ने ग्रँड जंक्शन, तिथून ५० ने माँट्रोज, मग रिजवे, आणि ६२ व १४५ क्रमांकाच्या रस्त्यांनी टेल्युराइड, असे सुमारे ३७० मैल जावे, हे मला सर्वांत सोयीचे वाटते. मॉनार्क खिंडीतून जाणारा रस्ता मैलांनी कमी भरतो, पण पहिल्यांदाच आरव्ही चालवणाऱ्याने तिकडून जाऊ नये. आय-७० वरही आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आणि व्हेल खिंड १०,६६२ फुटांवर आहे. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे बोगद्यापाशी तुमच्या इंजिनाची एक तृतीयांश ताकद नाहीशी झालेली असते. चढताना गाडी ताशी ३५-४० मैलांवर आली तर घाबरू नका, उजव्या लेनमध्ये राहा. खरी परीक्षा उतारावर होते. बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्नपर्यंत सुमारे आठ मैल ७ टक्क्यांपर्यंतचा उतार आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही आपल्याकडे जुन्या चालकांनी शिकवलेली गोष्ट इथेही तितकीच खरी आहे. ‘टो/हॉल’चे (घाटात गिअर खालीच धरून ठेवणारे) बटण दाबून, गिअर खाली आणून इंजिनाच्या जोरावर गाडी धरा, आणि ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, अधूनमधून ठामपणे दाबून सोडा.

उतारावर वजनाचा प्रश्न येतो, आणि इथे मोठ्या गाडीबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. ३१ फुटी गाडीत जास्त सामान आणि जास्त माणसे नेता येतील असे वाटते, पण भाड्याच्या बऱ्याचशा क्लास सी गाड्या, २५ फुटी असोत की ३१ फुटी, फोर्डच्या ई-४५० याच सांगाड्यावर बांधलेल्या असतात आणि त्या सांगाड्याची भरल्या गाडीची मर्यादा १४,५०० पौंड ही ठरलेली आहे. वरचे घर जितके लांब, तितके ते स्वतःच जड, आणि माणसांसाठी व सामानासाठी उरते ते तितके कमी. दाराजवळ आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवलेली असते. माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, हे त्यावर लिहिलेले असते. तुमचा हिशेब मी ढोबळमानाने मांडला: सहा माणसांचे ३३० किलो, ४० गॅलन पाण्याचे १५० किलो, आणि तंबू, खुर्च्या, कपडे, शिधा व बर्फाची पेटी यांचे दीडशे, असे सगळे मिळून ६३० किलो, म्हणजे जवळजवळ १,४०० पौंड. एवढे त्या पट्टीवर बसते का ते पाहा. काही लहान गाड्या ई-३५० वर असतात आणि तिथे मर्यादा १२,५०० पौंडांची आहे, म्हणून सांगाडा कोणता हे आधीच विचारून घ्या.

सहा जणांच्या बाबतीत दुसरी गोष्ट सीटबेल्टची. जाहिरातीत किती जण झोपतील हे ठळक लिहितात, पण किती जणांना सीटबेल्ट आहेत हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. पाच वर्षांच्या मुलाची सीट फक्त पुढे तोंड असलेल्या बाकावर लावता येते. आडव्या सोफ्यावर किंवा मागे तोंड असलेल्या बाकावर ती लावायची नसते. जेवणाच्या टेबलाच्या दोन बाकांपैकी पुढे तोंड असलेला बाक एकच असतो, तो दोन्ही मुलांना जाईल. मग आई किंवा बाबा यांच्यापैकी एकाला साडेतीनशे मैल, तेही घाटात, उलट्या दिशेला तोंड करून बसावे लागेल. माझ्या सासूबाईंना एका वर्षी व्हेलच्या वळणांवर याच बाकावर इतके मळमळले की पुढचा सगळा प्रवास त्यांनी पुढच्या सीटवर बसून केला आणि बायको मागे गेली. म्हणूनच मी दुसरी गाडी न्यायला सांगतो. तुमच्यापैकी एकाने आईबाबांना घेऊन एसयूव्ही चालवावी, दुसऱ्याने मुलांना घेऊन आरव्ही. तळावर दुसऱ्या गाडीसाठी वेगळा पास लागेल, तो आताच मिळवून ठेवा. आरव्ही एकदा समतल करून उभी केली की चार दिवस हलवायची नसते. आईबाबांना उंचीचा त्रास झाला, डोके दुखले, धाप लागली आणि खाली माँट्रोजला न्यावे लागले, तर हाताशी छोटी गाडी असणे फार मोलाचे आहे.

लांबी कमी घेतल्याने झोपण्याच्या सोयीचा मात्र थोडा त्याग करावा लागेल, हे मान्य करतो. २५ फुटी गाडीतला मागचा मोठा पलंग बऱ्याचदा कोपऱ्यात असतो, आणि आतल्या बाजूला झोपलेल्या माणसाला रात्री उठायचे तर बाहेरच्याला ओलांडून यावे लागते. सत्तरीतल्या माणसांना या उंचीवर रात्री दोनदा तरी उठावे लागते, कारण पाणी सतत प्यावे लागते. त्यामुळे लांबी न वाढवता दोन्ही बाजूंनी उतरता येणारा पलंग आणि एखादा स्लाइड-आउट (गाडी उभी केल्यावर बाहेर सरकवता येणारा भाग) असलेला आराखडा मागा. २६ फुटांपर्यंत तो मिळतो. तो पलंग आईबाबांना द्या. चालकाच्या डोक्यावरचा माळा मुलांना द्या, त्यांना तो घरच्या माळ्यापेक्षा जास्त आवडेल. फक्त पडू नयेत म्हणून जाळी आहे का ते तपासा. तुम्ही दोघे तंबूत झोपा. टेबल पाडून केलेला बिछाना रोज रात्री मांडायचा आणि पहाटे मोडायचा, यात तीन दिवसांत जीव नको होतो, आणि आई पहाटे चहाला उठली की तिला बसायला जागाच उरत नाही. मैदानात पुढची जागा धरायला पहाटेपासून रांगा लागतात, दारे उघडली की ताडपत्र्या घेऊन लोक अक्षरशः धावत सुटतात. तुम्हाला त्यात जायचे असेल तर तंबूतून गुपचूप निघणे सर्वांच्याच झोपेला बरे.

जूनमध्येही तिथे रात्री ४-५ अंशांपर्यंत थंडी उतरते. गाडीतला हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर फिरतो, आणि मोठ्या गाडीतली जास्त हवा तापवायला तो जास्त वेळ फिरतो. जनरेटर तळावर ठरलेल्या तासांतच चालवता येतो आणि या उंचीवर तोही पूर्ण ताकद देत नाही. चार किलोवॉटचा असेल तर तीनच्या आसपास धरा. माझ्या ३१ फुटी गाडीची बॅटरी दुसऱ्या पहाटे चार वाजता बसली आणि हीटर बंद पडला. लहान गाडीत रात्री तापमान १५-१६ अंशांवर ठेवून, जाड दुलया घेऊन चारही रात्री निभावल्या आहेत.

पाण्याची गोष्टही तशीच. दोन्ही गाड्यांच्या टाक्यांत फारसा फरक नसतो, आणि सहा जणांनी माणशी रोज दोन गॅलन जरी वापरले तरी चार दिवसांत ४८ गॅलन लागतात. पिण्याचे पाणी वेगळे न्या आणि तळावरची स्वच्छतागृहे वापरा. गाडीतले स्नानगृह रात्रीपुरते आणि आईबाबांसाठी राखून ठेवा.

स्वयंपाकाच्या दृष्टीने एक सूचना. या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासाभरानेही शिजत नाही. पाच लिटरचा कुकर न्या, आणि गाडी पाहायला जाल तेव्हा तो शेगडीवर ठेवून बघा, कारण काही गाड्यांत वरचा मायक्रोवेव्ह इतका खाली असतो की शिटी उडायला जागा राहत नाही.

परतताना सिल्व्हर्टनवरून जाण्याचा मोह होईल. उरे ते रेड माउंटन खिंड हा ५५० क्रमांकाच्या रस्त्याचा भाग अतिशय देखणा आहे, पण दक्षिणेकडे जाताना तुमची लेन दरीच्या बाजूची असते, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, आणि आरशांसह आरव्ही जवळजवळ दहा फूट रुंद भरते. तिथे २५ फुटीही नेऊ नका. आईबाबांना तो रस्ता दाखवायचा असेल तर आरव्ही रिजवेला उभी करून एसयूव्हीने वर जा, आणि उतरताना उरेच्या गरम पाण्याच्या कुंडात त्यांना तासभर बसू द्या.