पक्षी विकून तारे घ्यावेत का?

प्रश्न : काका, चोपड्याला माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. मध्यंतरी पक्ष्यांच्या फोटोंचं वेड लागलं होतं. कॅननचा क्रॉप (लहान) सेन्सरचा डीएसएलआर कॅमेरा, १५०-६०० मिमीची लांब पल्ल्याची लेन्स, ५० मिमी एफ १.८, ट्रायपॉड, असा सगळा संसार जमवला. आता पहाटे उठवत नाही, पण रात्री गच्चीवर आकाश बघत तासन् तास बसतो. आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण घ्यायची आहे. बायको म्हणते, ‘आधीचं खेळणं विका, मग दुसरं आणा.’ जळगावचा एक दुकानदार सगळं एकदम घ्यायला तयार आहे, पण भाव ऐकून पोटात गोळा आला. देऊन टाकू का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, वहिनींचं शंभर टक्के बरोबर. दुकानदारही चोर नाही. माल त्याच्या कपाटात किती महिने पडून राहील हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो भाव पाडूनच मागतो. पण ‘सगळं एकदम’ या दोन शब्दांत तुमचा तोटा आहे. भाव तो फक्त मोठ्या लेन्सचा करतो, बाकीचं पदरात फुकट पाडून घेतो. भुसावळला इतकी वर्षं स्टुडिओ चालवला, काउंटरच्या त्या बाजूला मीच उभा असायचो.

लेन्स विका. बॉडी, ५० मिमी आणि ट्रायपॉड ठेवा. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ पासून मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांचा नवा माउंट, म्हणजे लेन्स बसवायची कडी, धरला, तेव्हापासून जुन्या डीएसएलआर बॉडीला भाव राहिला नाही. लेन्सचं तसं नाही. तुमची जुन्या ईएफ माउंटची लेन्स अडॅप्टर लावून कॅननच्या नव्या आरएफ माउंटच्या बॉडीवर चालते, हे जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहा. आणि ठेवलेली बॉडी शोभेची नाही. ५० मिमी लावून ट्रायपॉडवर पाच-सहा सेकंदांचं एक्स्पोजर द्या, तारे ठिपक्यासारखे येतात. त्याहून जास्त दिलं तर पृथ्वी फिरते आणि रेघा उमटतात.

आता कधी विकायची? श्रावण-भाद्रपदात अजिबात नको. लग्नाचे फोटोवाले तुमची लेन्स घेणार नाहीत, त्यांना २४-७० आणि ७०-२०० लागते. तुमचं गिऱ्हाईक पक्षीवाला. हतनूरच्या जलाशयावर थंडीचे पाहुणे उतरायला लागले की तो जागा होतो, म्हणून नवरात्र-दसऱ्याच्या सुमाराला जाहिरात टाका. तसंही पावसाळ्यात दुर्बीण घेऊन ढगच बघणार ना?

तोवर लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा. गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी स्वतः तपासा : दोन्ही झाकणं काढा, अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून जरा तिरकं बघा. धुळीचे चार कण दिसले तर दिसू द्या, फोटोत ते येत नाहीत. पण कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. मग तसं सांगूनच विका, कारण घेणारा हीच टॉर्च घेऊन येणार आहे. बिल, हूड, खोकं शोधून ठेवा. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली, क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

विकायच्या आधी एक काम करा. हीच लेन्स ६०० वर नेऊन चंद्रावर धरा. सेन्सरवर चंद्र जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा पडतो, तरी विवरं स्पष्ट दिसतील. आठ इंची आरसा या लेन्सच्या चौपटीहून जास्त प्रकाश गोळा करतो, म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज येईल. आणि रात्री दोन वाजता थंडीत उभं राहणं जमतंय का, हेही फुकटात कळेल.

फोटोवाल्यांची एक खोड असते, रंगाची सवय. मृगातला तेजोमेघ फोटोत गुलाबी-जांभळा असतो. आठ इंचीतून डोळ्याला तो राखाडी, फार तर हिरवट झाक असलेल्या धुरासारखा दिसतो. हे मनाला पटत असेल तरच पुढे जा. साध्या डॉब्सोनियनला मोटर नसते, शनी हळूहळू चौकटीबाहेर सरकतो, हाताने ढकलत राहावं लागतं. त्यावर डीएसएलआर लावायला गेलात तर पुष्कळदा फोकसच होत नाही, बार्लो लेन्स, म्हणजे फोकस बाहेर ढकलणारं भिंग, मध्ये घालावी लागते.

आणि भाऊ, गच्चीचा हट्ट सोडा. वैशाखात आपला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो, वर ग्रह पाण्यात पडल्यासारखा थरथरतो. नळी आणि बैठक मिळून वीस किलोच्या वर वजन, ते जिन्यावरून रोज चढवणार कोण? शेतात न्या. केळीच्या बागेला मात्र चिकटून बसू नका, ओलाव्याने काचेवर लवकर दव धरतं. कोरडवाहू मोकळं रान बरं. तुमच्या तालुक्यातल्या उनपदेवच्या बाजूला अंधार चांगला आहे, पण जंगलाच्या हद्दीत वनखात्याला विचारल्याशिवाय रात्री थांबू नका. हिवाळ्यात भरीत पार्टी ठेवा, वांगी भाजेपर्यंत पोरांना कृत्तिका दाखवून होतात. वहिनींनाही न्या. पुढचा आयपीस (दुर्बिणीचं डोळ्याकडचं भिंग) त्यांच्याच संमतीने घ्यायचाय.

प्रश्न : कार्बन फ्रेमची रोड सायकल विकून हार्मोनियम घ्यायची आहे. धुळ्यात कोणी विचारतच नाही.
— एक वाचिका, धुळे

उत्तर : ताई, जाहिरातीत फ्रेमचा साइज लिहिलाय का? ‘छान कंडिशन’ लिहून कोणी फोन करत नाही; घेणारा आधी सेंटिमीटर विचारतो. चेनच्या बाजूचा फोटो टाका, आणि फ्रेमच्या खालच्या नळीचा जवळून एक, कारण कार्बनला तडा आहे का ही सगळ्यांची पहिली शंका. गिऱ्हाईक नाशिकला शोधा, तिथे सायकलवाले भरपूर. पेटी घ्यायला गुरूंना सोबत न्या. दुकानात भाता भरा, एकही पट्टी दाबू नका आणि तो किती वेळ फुगलेला राहतो ते बघा. लगेच बसला तर हवा गळतेय, ती पेटी पॉलिश कितीही चकचकीत असलं तरी घेऊ नका.