तिखट, लोणचं, खारं खाण्याने पोटाचा कॅन्सर होतो का?

तुम्ही विचारलंय की वडिलांचं वय 58, दोन्ही वेळा ताटात ठेचा, लोणचं, पापड लागतो, अ‍ॅसिडिटी कायमची. यातून पोटाचा कॅन्सर होऊ शकतो का? मी डॉक्टर नाही. पण माझे अण्णा याच आजाराने गेले, म्हणून लिहितोय.

आधी तिखटाचं. मिरचीने जळजळ वाढते, पण मिरचीमुळे हा कॅन्सर होतो असं ठाम सिद्ध झालेलं नाही. खरी काळजी मिठाची करा. पोटाच्या आतल्या अस्तरावर चिकट पदार्थाचा थर असतो, सततच्या जास्त मिठाने तो खराब होतो. तिथे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असेल तर त्याचं आयतंच फावतं. हा जंतू बहुतेकांना लहानपणीच लागतो आणि वर्षानुवर्षं काही जाणवतही नाही. 1994 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कॅन्सरचं कारण म्हणून जाहीर केलं. मात्र जंतू असलेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही, त्यामुळे घाबरून जाऊ नका.

भारतात या कॅन्सरचं प्रमाण मिझोरममध्ये फार आहे. तिथे धुरावर वाळवलेलं मांस खातात, शिवाय तंबाखूचा धूर पाण्यातून काढून ते पाणी तोंडात धरतात, त्याला तुइबुर म्हणतात. जपानमध्येही खारवलेले मासे आणि लोणची भरपूर. घरोघरी फ्रिज आले, ताजं खाणं वाढलं, तसं तिथलं प्रमाण उतरत गेलं.

आमच्या अण्णांना सकाळी पेजेबरोबर निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा लागायचा. वर मळलेली तंबाखू. कशाने झालं ते एका माणसाच्या बाबतीत कुणालाच सांगता येत नाही, आणि मी बांगड्याला दोष देत नाही. मला सलतं ते वेगळंच. शर्टाच्या खिशात अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी कायम असायची. दोन घासांत पोट भरलं म्हणून ताट सारायचे, आम्हाला वाटायचं वय झालं. पँट सैल झाली म्हणून खिळा तापवून पट्ट्याला नवं भोक मीच पाडून दिलं. तेव्हा दवाखान्यात न्यायला हवं होतं. एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून पोट आतून बघण्याची तपासणी, झाली तोवर उशीर झाला होता.

म्हणून वडिलांना लोणच्यावरून टोचत बसण्याआधी हे विचारा: वजन उतरलंय का, शौचाला डांबरासारखी काळी होते का, थोडक्यात पोट भरतं का, गिळताना अडकतं का, रक्त कमी झालंय का. यातलं एक जरी असेल तर पोटविकारतज्ज्ञांकडे जा आणि एंडोस्कोपीचं विचारा.

नसेल तर मीठ सगळं मिळून दिवसाला चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅमच्या आत. पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स यांतलं मीठ त्यातच धरायचं. लोणचं रोज फोडभर नको, सणावारी चालेल. ताज्या भाज्या, पेरू, आवळा, संत्रं वाढवा. तंबाखू, विडी, दारू असेल तर ती सोडवण्याला लोणच्याच्या आधी लागा.

जंतूची तपासणी श्वासावरून किंवा शौचाच्या नमुन्यावरून होते, सापडला तर साधारण 14 दिवसांचा औषधांचा कोर्स असतो. तपासणीआधी पँटोप्राझोलसारख्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या सुमारे 2 आठवडे बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. वडील रोज कुठली गोळी घेतात ते डॉक्टरांना आधीच सांगा, पट्टीच सोबत घेऊन जा.