कादंबरीतील रोमन स्नानगृह

प्रश्न : इ.स. ७९ मधील पाँपेई शहरावर मी कादंबरी लिहीत आहे. तिच्यातील एक महत्त्वाचा प्रसंग सार्वजनिक स्नानगृहात घडतो; परंतु वाफ, संगमरवर आणि पाणी यांचे वर्णन झाले की प्रसंग पुढे सरकत नाही. काय करावे?

उत्तर : पात्रांना तिथे काही धास्ती किंवा काही गरज असली, तर प्रसंग आपोआप चालू लागेल. सुरुवात कपडे उतरवण्याच्या दालनापासून करावी, कारण तिथे चोरीचे भय कायम असे. ज्याच्याजवळ गुलाम आहे तो त्याला कपड्यांपाशी बसवून निश्चिंतपणे आत जातो. ज्याच्याजवळ नाही, त्याचा अर्धा जीव बाहेरच अडकलेला असतो, आणि वस्त्रे उतरल्यावरही कोण कोणत्या पायरीचा हे लपत नाही. ब्रिटनमधील बाथ येथे उष्ण झऱ्यात धातूच्या पत्र्यांवर कोरलेले सुमारे १३० शाप सापडले आहेत. ते तुमच्या काळानंतरचे आहेत, तरी त्यांतला संताप अभ्यासण्याजोगा आहे : डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले, तेव्हा चोराची बुद्धी आणि डोळे जावेत, असे मागणे त्याने देवीपुढे मांडले.

पाँपेईच्या चौकाजवळील स्नानगृहात, पुरुषांच्या कोमट दालनात, ब्राँझची मोठी शेगडी व बाके आहेत. ती मार्कुस निगिडियुस वाक्कुला याने स्वखर्चाने दिली. बाकांवर त्याचे नाव कोरलेले आहे आणि नावाशी जुळणारी (लॅटिनमध्ये ‘वाक्का’ म्हणजे गाय) गाईची आकृतीही तिथे आहे. वाक्कुलाशी वैर असलेल्या तुमच्या एखाद्या पात्राला त्याच बाकावर बसून ऊब घ्यावी लागली, तर संवादाआधीच तणाव उभा राहील. मला स्वतःला हा तपशील फार मोलाचा वाटतो.

आवाजांसाठी रोमन तत्त्वज्ञ सेनेका याचे स्नानगृहाविषयीचे पत्र वाचावे. तो स्नानगृहाच्या वरच राहत असे आणि वजने उचलणाऱ्यांचे हुंकार, मालिश करणाऱ्याच्या हाताची थाप, खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या आरोळ्या त्याने नोंदवल्या आहेत.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. इ.स. ६२च्या भूकंपाने शहराची मोठी हानी झाली होती; त्यामुळे ७९ मध्ये सगळी स्नानगृहे पूर्ववत चालू असल्याचे दाखवू नये. मध्यवर्ती स्नानगृह तर ७९ मध्ये शहर गाडून टाकणाऱ्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या वेळीही बांधून पूर्ण झालेले नव्हते. गुप्त भेटीचा प्रसंग असेल, तर गर्दीच्या दालनांपेक्षा ते अर्धवट बांधकाम अधिक सोयीचे ठरेल.